मजुराचा हात आणि शस्त्रक्रिया

मार्कंड्याच्या परिसरात धानाची रोवणी किंवा तेंदूपानांची तोडणी करणाऱ्या मजुराचे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. मेंदूतील गाठ काढण्यासाठी त्याला नागपूर गाठावे लागते. गाठ निघाली पण हात लुळा पडला, तर ते कुटुंब बुडालेच. हा धोका कमी करता येतो. शस्त्रक्रिया चालू असता मेंदूच्या हालचाल-केंद्राला विद्युत्‌संकेत देऊन हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद यंत्रावर पाहतात; तो क्षीण होताच शल्यचिकित्सक थबकतो. मात्र भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषध बेताने वापरावे लागते, अन्यथा यंत्र मुकेच! म्हणजे जाणता भूलतज्ज्ञ हवा आणि आलेख वाचणारा तंत्रज्ञही. शासकीय रुग्णालयांसाठी यंत्राची तरतूद करताना त्याच फायलीत तंत्रज्ञाचे कायम पदही मंजूर झाले पाहिजे.