पायाभरणीआधी जबाबदाऱ्या ठरवा

पुनर्विकासाला निघालेल्या प्रत्येक सोसायटीच्या सभासदांना कळकळीची विनंती आहे. वाढीव जागा, कॉर्पस, भाडं यांवर हवी तेवढी चर्चा करा. पण काम कोण करणार, ते कोण तपासणार आणि शेवटचा निर्णय कोणाचा, हे आधी कागदावर आणा.

ते नीट ठरलं नाही तर काय होतं, हे बर्लिनच्या नव्या विमानतळाने दाखवलं. बांधकाम 2006 मध्ये सुरू झालं. उद्घाटन 3 जून 2012 ला होणार होतं. चार आठवडेही उरले नसताना, 8 मे रोजी, ते रद्द झालं. विमानतळ उघडला 31 ऑक्टोबर 2020 ला. सुमारे 2 अब्ज युरोंचा खर्च 6 अब्जांच्या आसपास गेला.

जर्मनीत कुशल इंजिनिअरांची वाण नव्हती. घोळ होता तो जबाबदारीच्या वाटणीत. सगळ्या कामाला उत्तरदायी असा एकच मुख्य कंत्राटदार नेमायची निविदा चढ्या बोलींमुळे 2007 मध्ये रद्द झाली. मग विमानतळ कंपनीने काम अनेकांत वाटलं आणि मेळ घालायचं स्वतःकडे घेतलं. कंपनीचे मालक तीन : बर्लिन, ब्रांडेनबुर्ग आणि केंद्र सरकार. बांधकाम चालू असतानाच टर्मिनल वाढवलं, आराखडे बदलत राहिले. शेवटी आगीचा धूर बाहेर काढणारी यंत्रणा आणि तिच्यावर चालणारी दारं यांचा मेळ बसेना. तारीख गाठण्यासाठी दारांपाशी माणसं उभी करायची, असा तोडगा निघाला. जिल्ह्याच्या बांधकाम परवानगी कार्यालयाने तो मानला नाही. तारीख हुकली, पण अपुऱ्या यंत्रणेच्या इमारतीत प्रवासी शिरले नाहीत. तपासणाऱ्याला असं ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

पुढे कंपनीने आराखडे करणाऱ्यांनाच काढून टाकलं. इमारतीची खडान्‌खडा माहिती असलेले लोक गेले आणि दुरुस्ती आणखी लांबली.

जर्मनीतल्याच कोलोन शहरातली घटना तर जीवघेणी. 3 मार्च 2009 रोजी भुयारी रेल्वेच्या कामाशेजारचं शहराचं अभिलेखागार कोसळलं, दोन तरुण गेले. त्याच मार्गाच्या बांधकामात काही ठिकाणी लोखंड घातलंच नव्हतं आणि नोंदी खोट्या होत्या, हे नंतर उघड झालं. म्हणून नुसत्या सहीवर विसंबू नका.

आपल्या सोसायटीत एवढं करा :

साइटवर सूचना देण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या. कमिटीतल्या प्रत्येकाने कंत्राटदाराला वेगळं सांगितलं, तर चूक कोणाची हे कधीच ठरत नाही.

आराखडा सर्वसाधारण सभेत मंजूर करून गोठवा. त्यानंतरचा प्रत्येक बदल लेखी हवा. त्याने खर्च आणि मुदत किती वाढेल, हे त्यातच लिहिलेलं हवं.

पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) आणि स्ट्रक्चरल तपासनीस सोसायटीने निवडावेत. फीचा भार बिल्डरवर असला, तरी रक्कम सोसायटीच्या खात्यात आधी भरून घ्या आणि तिथूनच द्या. ज्याला तपासायचं त्याच्याच हातून पैसे घेणारा माणूस ठामपणे बोलू शकत नाही.

स्लॅब भरण्याआधी सळईची तपासणी, फोटो, तारीख आणि सही झालीच पाहिजे. काँक्रीटच्या क्यूबचे 7 आणि 28 दिवसांचे अहवाल मागा आणि फाइलला लावा.

रेराने नव्या ग्राहकाला बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षांचं संरक्षण दिलं आहे. ते जुन्या सभासदांना आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. विकास करारात लिहून घ्या.

आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय घराचा ताबा घेऊ नका, मग दसऱ्याचा मुहूर्त असो की भाडं बंद होण्याची भीती.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे मुद्दे घाला आणि करारावर सही होण्यापूर्वीच मंजूर करून घ्या.