शिफारशीचा मोबदला कोणाच्या खिशातून?

शिर्डीत उतरलेल्या यात्रेकरूला गावातील एका व्यवसायाची ओळख पहिल्या पाच मिनिटांतच होते. बसथांब्यावर कोणीतरी पुढे येतो, आपुलकीने विचारपूस करतो, स्वस्तात खोली आणि लवकर दर्शन मिळवून देण्याचे आश्वासन देतो आणि वाटेत एका ठरलेल्या दुकानापाशी नेऊन पूजेचे ताट हाती देववतो. स्थानिक बोलीत या मंडळींना ‘पॉलिशवाले’ म्हणतात. त्यांचे कमिशन ताटाच्या किमतीत आधीच मिसळलेले असते. भक्ताला मात्र परक्या गावात एक भला माणूस भेटल्याचे समाधान असते. कोविडकाळात बंद झालेले हार-फुले अर्पण करणे डिसेंबर २०२४ मध्ये समाधी मंदिरात पुन्हा सुरू झाले, तेव्हा विक्री कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थेमार्फत, ठरवून दिलेल्या दराने ठेवण्यात आली. दर उघडपणे लिहिला की मधल्या हाताला जागा उरत नाही, एवढाच त्या व्यवस्थेचा अर्थ.

पॉलिशवाल्याला सारे गाव नावे ठेवते. पण हीच रीत वातानुकूलित कार्यालयात, काचेच्या टेबलामागे आणि लाखांच्या हिशेबात चालते, तेव्हा तिला ‘टायअप’ असे प्रतिष्ठित नाव मिळते. प्लॉट आणि सदनिकांची खरेदी-विक्री करून देणारी कार्यालये ग्राहकाला वकील, कर्ज मिळवून देणारा प्रतिनिधी, मूल्यांकनकार, बोअरवेलवाला, रंगारी, फर्निचरवाला यांची नावे सुचवतात आणि प्रत्येक नावामागे त्या त्या माणसाकडून ठरलेली टक्केवारी घेतात. या व्यवसायात व्यापारी घराण्यांतील तरुण मोठ्या संख्येने उतरत असल्याने या टक्केवारीची नैतिक बाजू तपासणे अगत्याचे आहे.

शिर्डीत हा प्रश्न अधिक टोकदार होण्यास कारण आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथील विमानतळ सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून साईनगर शिर्डीपर्यंत वंदे भारत धावू लागली. राहाता, साकुरी, निमगाव, सावळीविहीर या परिसरातील जमिनीकडे दूरदूरच्या शहरांतील भाविक आणि गुंतवणूकदार वळले. स्थानिक माणूस जमीन घेतो तेव्हा त्याला चार वकील ठाऊक असतात, तलाठी कार्यालयाचा रस्ता माहीत असतो, शेजारच्या बांधाचा इतिहासही कानावर असतो. बाहेरगावच्या ग्राहकाला यांतले काहीच ठाऊक नसते. दलालाचे कार्यालय हीच त्याची गावाकडे उघडणारी एकमेव खिडकी असते. त्या खिडकीतून दिसेल तेवढेच गाव त्याला दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दलाली हा हलका धंदा नव्हे. अनोळखी विक्रेता आणि अनोळखी खरेदीदार यांच्यामध्ये स्वतःच्या शब्दाचा पूल बांधणे हे कष्टाचे आणि जोखमीचे काम आहे आणि त्याचा मोबदला न्याय्यच आहे. बाजार समितीतील हिशेबपट्टीत आडत, हमाली, तोलाई यांचे आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. आकडा पटला नाही तर भांडता येते, दुसऱ्या आडत्याकडे जाता येते. व्यापारी परंपरेने दलाली कधी लपवली नाही, ती पट्टीवर मांडली. प्रश्न दलालीचा नाही, पट्टीवर न लिहिलेल्या दलालीचा आहे.

न लिहिलेली दलाली शेवटी कोण भरतो, याचा हिशेब अवघड नाही. समजा, एका कुटुंबाने रंगकाम आणि फर्निचरचे तीन लाखांचे काम कार्यालयाने सुचवलेल्या कारागिराला दिले आणि त्यातील दहा टक्के कार्यालयाकडे गेले. कारागिराने तीस हजार रुपये कोठून आणायचे? एकतर त्याने दर चढवलेला असतो, नाहीतर रंगाचा एक हात कमी होतो, प्लायचा दर्जा उतरतो. कमिशन नाकारणारा कारागीर कसबी असला तरी त्याचे नाव त्या टेबलावरून कधी उच्चारले जात नाही. अशा बाजारात कारागिराचे कसब मागे पडते आणि टक्केवारी देण्याची तयारी पुढे सरकते.

कर्जाचा हिशेब आणखी बोलका आहे. चाळीस लाखांचे गृहकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये येतो. पावणेनऊ टक्क्यांनी तोच हप्ता सुमारे ३५,३४८ रुपये होतो. महिन्याचा फरक जेमतेम ६३५ रुपयांचा, त्यामुळे तो नजरेत भरत नाही. पण २४० हप्त्यांत हा फरक दीड लाखांच्या वर जातो. शिफारस करणाऱ्याच्या हाती यातून समजा दहा हजार रुपये पडले, तर दहा हजारांसाठी एका कुटुंबाचे दीड लाख गेले. ही रक्कम कोणी चोरली असे म्हणता येत नाही, म्हणूनच ती परत मागायलाही कोणी जात नाही.

येथवर उघडपणा हा उपाय पुरेसा आहे. ‘या कारागिराकडून कार्यालयाला अमुक टक्के मिळतात, दुसऱ्या कोणाकडून काम करून घेण्यास हरकत नाही’ असे एक वाक्य लिहून दिले, तर ग्राहक स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ शकतो. रंगारी किंवा फर्निचरवाला हा काम करणारा माणूस आहे. त्याचे काम डोळ्यांना दिसते आणि बिघडले तर सुधारता येते.

परंतु दुसऱ्या प्रकारची माणसे काम करीत नाहीत, ती तपासणी करतात. वकील जमिनीचा सर्च रिपोर्ट देतो, मूल्यांकनकार किंमत तपासतो, अभियंता बांधकाम पाहतो. दलालाने आणलेला व्यवहार निर्दोष आहे की नाही, हे सांगण्यासाठीच त्यांना फी दिली जाते. सातबारा आणि फेरफारांची साखळी जुळते का, जमीन भोगवटादार वर्ग दोनची असून विक्रीस परवानगी लागते का, इनाम किंवा वतनाचा संबंध आहे का, अकृषिक आदेश खरा आहे का, तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याला बाध येतो का, बोजा कोठे लपला आहे का, हे प्रश्न विचारणारा माणूस प्रसंगी ‘हा व्यवहार करू नका’ असे सांगण्यास मोकळा असला पाहिजे. ज्याला पुढच्या महिन्याची दहा कामे त्याच कार्यालयातून यायची आहेत आणि जो प्रत्येक कामामागे त्या कार्यालयाला वाटा देतो, त्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द सहजी निघत नाही. तो अप्रामाणिक असेल असे मुळीच नाही. शंका घेण्याची त्याची उमेद मात्र हळूहळू मावळते. आणि ग्राहक मात्र त्याच्या सहीवर आयुष्याची पुंजी ठेवतो.

म्हणून तपासणाऱ्याच्या बाबतीत कमिशन उघड करणेही पुरेसे नाही, ते घेताच कामा नये. राखणदाराचा पगार ज्याच्यावर राखण ठेवायची त्यानेच द्यावा, या व्यवस्थेला कितीही जाहीर केले तरी ती राखण होत नाही.

व्यावसायिक संस्थांनी हे तत्त्व फार पूर्वी ओळखले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घेण्याचा करार करता येत नाही. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या १९४९ च्या कायद्यातही बाहेरच्या व्यक्तीला फीमधून कमिशन देणे हे गैरवर्तन मानले आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देण्या-घेण्यास मनाई केली आहे. तेव्हा वकिलाच्या फीमधून वाटा मागणारे कार्यालय त्या वकिलाला त्याच्याच व्यवसायाचा नियम मोडावयास लावते, याचे भान ठेवावे.

जमीनजुमल्याच्या व्यवसायापुरता अमेरिकेने १९७४ मध्ये ‘रिअल इस्टेट सेटलमेंट प्रोसिजर्स ॲक्ट’ हा कायदा केला. गृहकर्जाच्या व्यवहारात मालकी हक्काचा शोध, मूल्यांकन, वकिली अशा सेवांसाठी केवळ ग्राहक पाठवल्याबद्दल पैसे देणे आणि घेणे या कायद्याने गुन्हा ठरवले. प्रत्यक्ष केलेल्या कामाचा मोबदला घेण्यास त्यात आडकाठी नाही. ‘काम काय केले?’ हा त्या कायद्याचा प्रश्न आहे आणि ‘ग्राहक पाठवला’ हे त्याचे पुरेसे उत्तर मानले जात नाही.

भारतात या विषयाला वाहिलेला असा वेगळा कायदा नाही, पण रान मोकळे आहे असेही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रतिनिधीने मालकाच्या नकळत त्याच्या कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला फायदा मागण्याचा हक्क मालकाला आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांत व्यवहार करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची केली आणि सेवेच्या दर्जाविषयी खोटी वा दिशाभूल करणारी विधाने करण्यास मनाई केली. मनाई मोडल्यास दिवसाला दहा हजार रुपये याप्रमाणे, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आवश्यक केली आहे. टक्केवारीसाठी सुमार माणसाला ‘उत्तम’ म्हणणारा दलाल या कायद्याच्या किती जवळ जातो, हे त्याने स्वतःच तपासावे.

गुप्त कमिशनाचे भवितव्य काय होते, याचे एक ठळक उदाहरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये दिले. मोंटे कार्लो येथील एका मोठ्या हॉटेलच्या खरेदीत खरेदीदारांच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या संस्थेने विक्रेत्याकडून एक कोटी युरोचे कमिशन घेतले होते आणि खरेदीदारांना त्याची पुरेशी कल्पना दिली नव्हती. ही रक्कम एजंटची नाहीच, ती त्याने खरेदीदारांचा विश्वस्त म्हणून धारण केली आहे, असा निकाल न्यायालयाने दिला. निकालातील ‘विश्वस्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ग्राहकाच्या विश्वासावर मिळवलेला पैसा ग्राहकाचाच, हे त्यामागील तत्त्व.

जैन श्रावकाला हे तत्त्व नवे वाटू नये. सत्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये तत्त्वार्थसूत्राने मिथ्योपदेश, म्हणजे खोटा किंवा चुकीच्या वाटेला नेणारा सल्ला, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे, या दोहोंची गणना केली आहे. श्रावक प्रतिक्रमणात मृषोपदेशाची आलोचना नित्य करतो. ‘हा वकील उत्तम आहे’ हे वाक्य त्याच्या गुणावरून निघाले की त्याने दिलेल्या टक्केवारीवरून, हे फक्त बोलणाऱ्याला ठाऊक असते. आलोचनाही त्यालाच करायची असते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला न्यायसंपन्न विभव हा आहे. धर्माचरणाची पहिली पायरी धन कसे मिळवले या प्रश्नापाशी आहे.

यावर व्यवहारी माणसाचे दोन आक्षेप येतात. पहिला, ‘सगळेच घेतात’. सगळेच घेतात म्हणूनच न घेणारा वेगळा दिसतो. शिर्डीसारख्या गावात ग्राहक आपल्या शहरात परतल्यावर दहा जणांना अनुभव सांगतो आणि त्यातूनच पुढची गिऱ्हाइके येतात. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. लहान कार्यालयाचे भाडे, नोकर, जाहिरात यांचा खर्च केवळ दलालीतून निघत नाही आणि चांगला माणूस शोधून देण्यातही श्रम असतात. हे मान्यच करावे लागेल. मग त्या श्रमांचा मोबदला ग्राहकाकडून उघडपणे, सल्ला-शुल्क म्हणून मागावा. ग्राहक तो देण्यास तयार नसेल, तर आपल्या शिफारशीची किंमत त्याच्या लेखी तेवढी नाही, हेही त्यातून कळते.

व्यवहारात पाळता येतील अशा चार गोष्टी पुरेशा आहेत. तपासणी करणाऱ्या कोणाकडूनही एक पैसाही घेऊ नये आणि ग्राहकाला निदान तीन स्वतंत्र नावे द्यावीत. काम करणाऱ्याकडून मोबदला मिळत असेल, तर तो आकड्यासह लिहून ग्राहकाची सही घ्यावी. मिळालेली रक्कम बँकेतून यावी आणि हिशेबात दिसावी. दलालीवर वर्षाला वीस हजारांपुढे दोन टक्के उगमातून करकपात आहे, ती होऊ द्यावी. आणि ग्राहकाने कर्ज घेताना बँकेचे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून वाचावे, असे त्याला आपणहून सांगावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ते बंधनकारक आहे आणि सर्व खर्चासह प्रत्यक्ष वार्षिक दर त्यात छापलेला असतो.

खरेदीदार कुटुंबांनीही एक प्रश्न विचारण्याचा संकोच सोडावा: ‘या शिफारशीबद्दल आपणाला काही मिळते का?’ प्रामाणिक दलाल या प्रश्नाने दुखावत नाही. तो शांतपणे आकडा सांगतो किंवा ‘काही नाही’ म्हणतो.

दिवाळीला वहीपूजन होते तेव्हा नव्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात. त्याच पानावर ज्या जमेची नोंद ग्राहकासमोर बसून करता येईल, ती जमा घरात ठेवावी. जी नोंद करताना हात थांबेल, ती रक्कम ज्याची त्याला परत करावी.