‘हावरट बाई’ म्हणून मोकळं होण्याआधी

ऑनलाइन लिलावात फसलेली बाई तक्रार घेऊन आली, की पहिला प्रश्न तिलाच : एवढी स्वस्त चांदी मिळते हे तुला खरं वाटलंच कसं? पोलीस विचारतात, नवरा विचारतो, आणि मैत्रिणींनो, आपल्यातल्याही काहीजणी विचारतात. ज्याने खोटा माल विकला, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

बाई सोनं-चांदी नटायला घेते, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या वस्तीत यावं. घर नवऱ्याच्या नावावर, जमीन सासऱ्याच्या, पासबुक नवऱ्याच्या पेटीत. अडीनडीला कुणाला न विचारता गहाण ठेवता येईल, असं तिच्याकडे अंगावरचं तेवढंच. स्त्रीधनावर पूर्ण हक्क बाईचाच, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा रानी खटल्यात १९८५ सालीच सांगितलं. पण ते धनच खोटं निघालं तर हक्क सांगायचा कशावर?

आमच्या गटातल्या, घरकाम करणाऱ्या एका बाईने भिशीच्या पैशांतून लिलावाच्या साइटवर बोली लावून पैंजण घेतले. वर्षभराने मुलाच्या ऑपरेशनसाठी ते घेऊन सराफाकडे गेली. त्याने तपासले आणि परत तिच्या हातात ठेवले. चांदी नव्हतीच. साइटचं उत्तर आलं : परतीची मुदत संपली, आम्ही फक्त विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देतो. गाठ घालून दिल्याचं कमिशन घेता, मग जबाबदारी कुणाची?

या जाहिरातींची भाषा नीट वाचा. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी कणभरही नसते. ‘१८ केजीपी’ मधली शेवटची दोन अक्षरं सांगतात की हा नुसता मुलामा आहे. ‘९२५’चा शिक्का तर कुणीही ठोकावा. वर मोठ्या अक्षरांत सोनं-चांदी, आणि मुलाम्याची कबुली तळाशी, बारीक इंग्रजीत. मुलाम्याचा दागिना मुलाम्याचा म्हणून विकला तर आमचं भांडण नाही. गळ्यातलं ओढून नेतील या धास्तीने कितीतरी जणी एक ग्रॅमचंच मंगळसूत्र घालतात. भांडण आहे ते शब्दांच्या आड लपण्याशी.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला ‘ग्राहक जागृती’ शिकवली. म्हणजे ग्राहकानेच रात्रंदिवस जागं राहायचं. चोराने काय करायचं, ते पुस्तकात नव्हतं!

आणि कायदा कुणासाठी जागा आहे? १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी लागतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला या सक्तीतून सूट. चांदीला एचयूआयडी १ सप्टेंबर २०२५ पासून आला, तोही ऐच्छिक म्हणून. दोन ग्रॅमच्या आतलं कोण घेतं? चमकी, फुली, चार मणी जमवणारी. चांदी कोण घेते? जिला सोनं परवडत नाही ती. बाई जितकी गरीब, तितकं संरक्षण पातळ. हा योगायोग म्हणून मी सोडून देणार नाही.

आमची मागणी साधी आहे. एचयूआयडी नसेल तर जाहिरातीच्या मथळ्यात ‘सोनं’ हा शब्द साइटने येऊच देऊ नये. चांदीलाही तोच नियम हवा, आणि खोट्या मालाची भरपाई साइटनेही द्यावी.

तोवर हातात आहे ते वापरू या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ते झालं नाही तर १९१५ वर फोन करा. २०१९ च्या कायद्याने बाईला आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. गटाच्या बैठकीत प्रत्येकीला एवढं जरूर सांगा : बोली लावण्याआधी जाहिरातीचा फोटो काढून ठेव.

आमच्या त्या बाईच्या मुलीने तो काढून ठेवला होता. त्याच्या जोरावर तक्रार दाखल झाली आहे. विकणाऱ्याचा पत्ता साइटने अजून दिलेला नाही.