करडांच्या मरणाची नोंद कुठे आहे?

बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद-संग्रामपूरपासून थेट लोणार-सिंदखेड राजापर्यंत, ज्या घराला शेत नाही, शेत असले तर विहीर नाही आणि विहीर असली तर तिला पाणी नाही, त्या घराची चूल कपाशी-सोयाबीनने दगा दिल्यावरही पेटती ठेवते ती दारात बांधलेली बकरी. लेकीच्या शाळेचा खर्च, म्हाताऱ्याचे औषध आणि सावकाराचा तगादा हे सारे ज्यांच्या जिवावर निभते ती तिची करडे. आणि हीच करडे दर पावसाळ्यात, लसीच्या साध्या टोचणीने ज्यांचा बंदोबस्त होतो अशा रोगांनी आणि घोटभर औषधाने जे पडतात अशा जंतांनी पटापट मरतात. गावकुसाबाहेर खड्डा खणला जातो, त्यावर माती पडते, आणि शासनाच्या लेखी तिथे काहीच घडलेले नसते.

या मरणात गूढ काहीही नाही. पहिल्या पावसानंतर उगवलेल्या कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडलेले, कळपातले सर्वांत धष्टपुष्ट करडू रात्री उड्या मारते आणि पहाटे पाय ताणून पडलेले सापडते. घरातली माणसे म्हणतात, नजर लागली. नजर कोणाचीही लागलेली नसते. तो आंत्रविषार असतो, आतड्यात जंतूंनी तयार केलेले विष असते, आणि त्यावर लस आहे. गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी ती टोचली, आणि जन्मलेल्या करडाच्या पोटात तासाभराच्या आत आईचा चीक गेला, तर पहिले कवच आईच देते. ते तीन-चार महिन्यांत ओसरू लागले की करडाला स्वतःची मात्रा द्यायची आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. नाक वाहते, डोळ्यांत चिपडे धरतात, तोंड फोडांनी भरते, पातळ हगवण थांबत नाही आणि शेवटी छाती भरून येते, तो पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. भारतात तो प्रथम १९८७ साली तमिळनाडूत आढळला. त्याला रोखणारी लस भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात आपल्याच शास्त्रज्ञांनी घडवली. चौथ्या महिन्यात टोचलेली एक मात्रा सुमारे तीन वर्षे पुरते. रोग माहीत आहे, लस देशाची आहे, वय ठरलेले आहे. राहिले फक्त टोचणे.

आणि जंत! पोटात राहून रक्त पिणारा एक तारजंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त ओढतो. असे हजार जंत झाले की पन्नास मिलिलिटर रक्त रोज जाते, आणि ज्या आठ किलोच्या करडाच्या अंगात सगळे मिळून सहा-सातशे मिलिलिटर रक्त, ते पांढरे पडते, जबड्याखाली पाणी साचते, चालता चालता बसते. करडू चाऱ्याला तोंड लावू लागले, महिन्याचे झाले, की पहिले जंतनाशक द्यायचे, आणि तेही वजन करून. दुकानातून आणलेले एकच औषध वर्षानुवर्षे अदमासाने पाजत राहिले तर जंत मरत नाहीत, निबर होतात. हे शेळीवाल्या बाईला कोणी सांगायचे? पगार कोणाला मिळतो?

आता शासनाचा हिशेब पाहा. शेळी दोन वर्षांत तीनदा विते. कोणी मृगात, कोणी दिवाळीत, कोणी होळीच्या सुमारास. मोहीम मात्र वर्षाकाठी एकदा, कार्यालयाच्या सवडीने. मोहिमेच्या दिवशी जे करडू पंधरा दिवसांचे असते ते वयाने बाद, आणि चार महिन्यांचे होते तेव्हा मोहीम संपलेली. आंत्रविषाराची लस पाऊस पडण्याआधी लागते, हे ज्याला कळत नाही त्याने पशुसंवर्धनाच्या खुर्चीवर बसू नये. आणि ज्याला कळते तरीही जो जुलै उजाडू देतो, त्याने तर मुळीच बसू नये. चार शेळ्यांच्या विधवेला सांगायचे की अख्खी कुपी फुटते, आणखी जनावरे गोळा कर! बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण या खात्याने जणू शासन निर्णय म्हणून स्वीकारली आहे.

पण पैसा नाही, माणसे नाहीत, हे रडगाणे आम्ही ऐकून घेणार नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात लम्पी हा गोवंशाचा त्वचारोग दिसला आणि काही महिन्यांतच राज्यातल्या सव्वा कोटीहून अधिक गोवंशाला फुकट लस टोचून झाली. मेलेल्या गायीला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० रुपये ठरले. योग्यच झाले, त्या साथीत बुलढाण्याच्या शेतकऱ्याने दावणीवरचा जीव गमावला आहे आणि ते दुःख आमचेही आहे. पण सरकारने मनावर घेतले की शीतपेट्या मिळतात, गाड्या मिळतात, सुट्ट्या रद्द होतात, हे त्याच वर्षी सिद्ध झाले. आणि गोवंशाला वाचवायला जी लस वापरली ती कोणती होती? शेळ्यांच्या देवीची! शेळीसाठी बनलेल्या लसीने गाय वाचवणाऱ्या राज्याला शेळीचे करडू वाचवता येत नाही? वासराला १६,००० देणाऱ्या शासनाने पीपीआरने मेलेल्या करडाचा दर कोणत्या शासन निर्णयात लिहिला आहे, तो आम्हाला दाखवावा.

आता शासनाच्या हेतूकडे या. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट, सर्वसाधारणांस पन्नास टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस पंचाहत्तर टक्के अनुदानावर वाटण्याची योजना आहे. तिला मांडव लागतो, हार लागतात, लाभार्थ्यांची यादी लागते, आणि यादीत नाव घालणाऱ्याचे उपकार गावाला निवडणुकीपर्यंत पुरतात. भाषणात शेळी 'गरिबाची गाय' होते, टाळ्या पडतात, गाड्यांची धूळ उडते. मग त्या दहा शेळ्यांची करडे गारठ्यात आणि चिखलात मरू लागली की त्या मांडवातले एक तोंड दिसत नाही. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत दुधाळ जनावरे वाटली गेली, त्यांत बुलढाणाही होता. वाटलेले जनावर जगवण्याची जबाबदारी वाटणाऱ्याचीच असते, हा धडा तेव्हाच घ्यायला हवा होता. तो घेतला नाही, कारण वाटपाने मते मिळतात, लसीने केवळ जीव वाचतो. न मेलेल्या करडाचा फोटो निघत नाही.

दुचाकीला पेटी बांधून उन्हातान्हात वाड्यावस्त्या फिरणारा पशुधन पर्यवेक्षक आमचा आरोपी नाही. दर ५,००० पशुघटकांमागे एक पशुवैद्य हवा असे राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली सांगितले. अर्धशतक उलटले तरी देश तिथे पोहोचलेला नाही. रिकाम्या पदांवर बसून राज्य करणारे आमचे आरोपी आहेत. गुरांची बुळकांडी याच देशाने लसीच्या बळावर हद्दपार केली, २०११ साली ती जगातूनच गेली. तिच्या धाकट्या भावंडाला, पीपीआरला, २०३० पर्यंत संपवण्याचा जगाचा संकल्प आहे. गाव सोडून जग जिंकता येत नाही.

म्हणून आमची मागणी विनंतीच्या भाषेत नाही. मोहिमेचा तमाशा बंद करा आणि दर महिन्याला प्रत्येक गावात लसीचा एक ठरलेला वार द्या, म्हणजे कोणत्याही नक्षत्रात जन्मलेले करडू आपल्या वयाला सुईखाली येईल. उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखीच्या हाती वजनकाटा आणि जंतनाशक द्या. वाटलेल्या प्रत्येक गटासोबत त्याच्या करडांचे लसपत्रक द्या. आणि येत्या मृगाच्या आत जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर चार आकडे लिहा: करडे किती जन्मली, किती टोचली, किती मेली, कशाने मेली. ज्यांना हे आकडे लिहिता येत नाहीत, त्यांनी पुढच्या शेळीवाटपाच्या मांडवात पाय ठेवू नये.