'हा धडा घरी वाचा'

दहावीत असताना विज्ञानाच्या तासाला मानवी प्रजननाचा भाग आला तसे आमच्या सरांनी पुस्तक मिटले आणि म्हणाले, "हा धडा घरी वाचा. परीक्षेला आकृती येते, तेवढी पाठ करा." मुले हसली, आम्ही मुलींनी माना खाली घातल्या. अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय ही नावे पाठ करून मी गुणही मिळवले. पुढे कला शाखेत आले आणि विज्ञानाशी संबंध संपला. या अंकाच्या बहुतेक वाचकांची कथा याहून वेगळी नसावी.

गेल्या वर्षी आमच्या वहिनीला तिसरी मुलगी झाली. शेजारची काकू ओसरीवर बसून आजीला म्हणाली, "काय करता जी आजी, तुमच्या नातसुनेच्या पोटी पोट्टीच येते!" आजीने मान डोलावली. आत वहिनी ऐकत होती.

वास्तविक स्त्रीच्या अंडपेशीत केवळ एक्स गुणसूत्र असते. पुरुषाच्या शुक्रपेशीत एक्स किंवा वाय यांपैकी एक असते. अंडनलिकेत दोन्हींचे मीलन होते तेव्हा शुक्रपेशी वाय घेऊन आली तर मुलगा, एक्स घेऊन आली तर मुलगी. यात पुरुषाचीही इच्छा चालत नाही. मग स्त्रीला दोष कशाचा? हे सारे मला ठाऊक होते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पाळीचेही तसेच. गर्भ राहिला तर त्याला आधार मिळावा म्हणून दर महिन्याला गर्भाशयात अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की ते गळून रक्तावाटे बाहेर पडते. जे अस्तर बाळाला सांभाळणार, त्याला आपण विटाळ म्हणतो आणि लेकीसुनांना बाहेर बसवतो!

आपल्याच जिल्ह्यातील झरी-जामणी, पांढरकवडा भागातील कोलाम समाजाच्या कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून वारंवार गाजला. त्याचे मूळ दारिद्र्यात आणि फसवणाऱ्या पुरुषांत आहे. दोष त्या मुलींचा नव्हे. नुसत्या ज्ञानाने फसवणूक थांबेल, असेही मी म्हणत नाही. परंतु पाळी चुकली म्हणजे काय झाले असेल, हे जिला कोणी सांगितलेच नाही, ती वेळेवर मदत तरी कशी मागणार?

अशा गोष्टी सांगितल्या तर मुले बिघडतील, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. हाच आक्षेप र. धों. कर्वे यांनाही ऐकावा लागला. त्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. विशेष म्हणजे कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. तेव्हा 'हा आपला विषय नाही' असे म्हणून आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही सुटता येणार नाही.

माझी मागणी लहानशी आहे. दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलामुलींना एकत्र बसवून एखाद्या डॉक्टरांचे या विषयावर व्याख्यान व्हावे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तेच गावातही व्हावे. मुलांनी तर आवर्जून यावे, कारण उद्या ओसरीवर बसून सुनेला बोल लावायचा की नाही, हे त्यांच्याही हाती आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीजवळ बसून पुस्तकातली ती आकृती उघडली. आजीने सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाली, "माह्यावक्ती कोणी सांगतलं नाई वं, पोरी." तिला स्वतःला चार मुली झाल्या होत्या.