काढणं आणि झरणं

नात यंदा एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसते आहे. परवा लोणावळ्याच्या घरी, बाहेर धो धो पाऊस असताना, तिनं चित्रातून मान वर करून विचारलं, ‘‘आजोबा, ड्रॉ म्हणजे चित्र काढणं ना? मग मॅच ड्रॉ होते तेव्हा कोण काय काढतं?’’

माझी या शब्दाशी ओळख झाली ती बँकेच्या काउंटरवर. चेक लिहिणारा तो ‘ड्रॉवर’. त्याच्या खात्यात पैसे नसले, की चेक सभ्य शेऱ्यासह परत जाई : ‘रेफर टू ड्रॉवर’. टेबलाचा खण, तोही ड्रॉवरच! मूळ अर्थ ओढणे. पेन्सिल ओढली की रेघ, खण ओढला की ड्रॉवर, दोर ओढला की पाणी. दिवाणखान्याच्या ‘ड्रॉइंग रूम’चा तर चित्रांशी संबंधच नाही; जेवणानंतर ‘विथड्रॉ’ होऊन बसायची ती खोली.

आपलं ‘काढणे’ही काही कमी नाही. आपण चित्र काढतो, पाणी काढतो, कर्ज काढतो, सोडत काढतो, आठवण काढतो आणि कसेबसे दिवसही काढतो.

आमच्या मावळातून तर सगळ्यांनीच काही ना काही काढलं. वळवणच्या तलावाचं पाणी खोपोलीला उतरवून 1915 पासून मुंबईसाठी वीज काढली गेली. पुढे नकाशावर एक रेघ ओढली गेली, आणि 2002 मध्ये तिचा द्रुतगती मार्ग पुरा झाला. रेघेखाली जमिनी गेल्या, खात्यांत पैसे आले.

त्या काळात एक वयस्कर शेतकरी दर आठवड्याला पैसे काढायला यायचे. कधी लेकीचं लग्न, कधी मुलाची मोटारसायकल. एकदा पासबुकातला शेवटचा आकडा बघून ते म्हणाले, ‘‘साहेब, हिरीतलं पाणी काढलं तर रातीत पुन्हा झरतंय. ह्यात का न्हाई झरत?’’

माझ्या हातात शिक्का होता. मी सही पडताळली आणि पैसे दिले. थोडी रक्कम मुदत ठेवीत ठेवा, एवढं आधी सांगायला दोन मिनिटं पुरली असती. ते माझं काम नव्हतं, अशी समजूत मी अनेक वर्षं घातली.

आजही डोंगरउतारावर चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पाडले जातात. रेघ ओढणाऱ्यानं आणि सही करणाऱ्यानं एवढंच विचारावं : काढतोय खरं, पण झरा कुठं आहे?

नातीला मी सांगितलं, ‘‘दोघांनी सारख्याच जोरानं ओढलं, कुणीच हललं नाही, की मॅच ड्रॉ.’’ तिला ते पटलं. तिच्या चित्रात एक विहीर होती. तिनं ती काठोकाठ भरलेली काढली होती.