भाच्याची बसकी गाडी

पंधरा दिवसांपूर्वी ताईकडे जेवताना गाडीवरून जो वाद झाला, त्यात मी गप्प बसलो होतो. ताई हे वाचणार आहे हे धरूनच आता लिहितोय. निदान मधे कुणी तोडणार तरी नाही!

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या भाच्याकडे पोलो जीटी आहे. चाकणला बनायची आणि २०२२ मध्ये बंद झाली, तीच. पठ्ठ्याने आखूड स्प्रिंगा घालून ती ४० मिलिमीटर खाली बसवली. दिसते झकास, खोटं कशाला बोलू. दर शनिवारी हिंजवडीहून रसायनीला यायचं, रविवारी रात्री घाट चढून परत, असा त्याचा क्रम. त्या रविवारी मोहोपाड्याला पंक्चर काढायला पुढचं चाक उतरवलं, तर पंक्चरवाल्याने टायर फिरवून माझ्यापुढे धरला. बाहेरून नक्षी शाबूत, आणि आतल्या कडेला रबर संपून तारा दिसत होत्या! दुसऱ्या बाजूला हात घालून बघितलं, तीच गत. त्या रात्री ताई त्याच्याबरोबर पुण्याला निघणार होती. धो धो पाऊस आणि पुढे बोरघाट.

आणि त्याच सकाळी मी अंगणात उभं राहून "टायर चांगले आहेत रे" म्हणालो होतो. जन्मभर फिटर म्हणून काम केलेला माणूस मी. वाकून आत बघायचा कंटाळा केला, एवढंच.

घरच्यांचा निकाल झटपट लागला. स्प्रिंगा काढा, गाडी होती तशी करा. (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांच्याच बाजूने आहे. मूळ बनावटीत असे बदल कायद्याला चालत नाहीत, आणि उद्या काही झालं तर विमावाले तेच बोट दाखवतील. हे त्याला सांगून झालंय, त्याने ऐकून घेतलंय. असो.) पण टायर कशाने गेले याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ते नुसत्या उंचीने गेले नाहीत, ते अलाइनमेंटने गेले.

गाडी खाली बसली की चाकांची वरची बाजू आत झुकते, तो कँबर. टाय रॉडचा कोन बदलतो आणि चाकांची तोंडं बाहेर फाकतात किंवा आत वळतात, तो टो. सगळे कँबरला शिव्या घालतात कारण तो डोळ्यांना दिसतो. खरा चोर टो. भाच्याने ट्रॅकवर गाड्या पळवणाऱ्या कुणाचे तरी आकडे आणून टो मुद्दाम बाहेर ठेवायला लावला होता, एकूण २४ मिनिटं. का, तर स्टिअरिंग चटकन वळतं. वळतं, कबूल! पण एका चाकाच्या वाट्याला १२ मिनिटं म्हणजे ०.२ अंश, आणि त्याचा हिशोब केला तर किलोमीटरमागे साडेतीन मीटर टायर आडवा घासला जातो. हिंजवडी ते रसायनी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर धरा. एका खेपेत जवळजवळ तीनशे मीटर. आत झुकलेल्या चाकात ते सगळं घासणं आतल्या कडेने सोसलं. ट्रॅकवाल्यांना त्याचं काही नसतं, ते टायर खर्चायलाच निघालेले असतात.

एचओसीत असताना आम्ही पंप आणि मोटरचं कपलिंग डायल गेज लावून जुळवायचो. (२०१७ मध्ये सरकारने इथले प्लांट बंद करायचं ठरवलं, तेवढा रॉकेटच्या इंधनाबरोबर लागणाऱ्या एन-टू-ओ-फोरचा इस्रोकडे द्यायचा म्हणून राखला. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) गरम द्रव ओढणारा पंप असेल तर थंड असताना तो मोटरपेक्षा किंचित खाली ठेवायचा, कारण तापला की तो वर येतो. नवा पोरगा गेज शून्यावर आणून खूश व्हायचा आणि चालू झाल्यावर कपलिंग थडथडायचं. अलाइनमेंटच्या मशीनवरच्या हिरव्या पट्टीचं तसंच आहे. ती कंपनीने ठरवलेल्या उंचीच्या गाडीसाठी असते. बसक्या गाडीला नुसतं हिरव्यात आणणं पुरेसं नाही, आणि ट्रॅकचे आकडे तर त्याहून चुकीचे.

म्हणून मी भाच्याबरोबर स्वतः गेलो. आधी नवे टायर. मग अर्धी टाकी पेट्रोल आणि भाचा ड्रायव्हरच्या सीटवर, कारण गाडी रिकामी कधी धावते? मशीनवाला पोरगा हसला, पण बसू दिलं. कँबर दोन्हीकडे वजा दीड अंशाच्या आसपास होता, थोडा डावा-उजवा. तो सारखा करून घेतला आणि तसाच ठेवला, दीड अंशाने टायर मरत नाही. टो एकूण ५ मिनिटं आत, बस. मागे अख्खा बीम एकच असल्याने जुळवण्यासारखं फारसं काही नसतं, वाकलेला नाही ना एवढं मोजून बघितलं.

स्टिअरिंग आता थोडं सुस्त वाटतं म्हणतो. वाटू दे. दांड फाट्यापासून आत येताना कंटेनरांनी रस्त्याची काय दशा केलीय ते तुम्ही बघितलंच असेल. एक खड्डा जोरात लागला की सगळे कोन पुन्हा हलू शकतात. म्हणून टाय रॉडच्या लॉकनटांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवलीय, प्लांटमधली सवय. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. आणि दर शनिवारी गाडी अंगणात आली की स्टिअरिंग पूर्ण वळवून, बॅटरी घेऊन, टायरची आतली कडा बघायची. हे काम मी माझ्याकडे घेतलंय.

ताई, या शनिवारी तू येणार असशील तर त्याला उजेडातच निघायला सांग. बॅटरीचे सेल संपलेत.